अण्णांची दुसऱ्या पिढीची गाडी

बंगळूरमध्ये घर भाड्यानं देणारे लोक तीन प्रश्न विचारतात. व्हेज की नॉनव्हेज, लग्न झालंय का, आणि कंपनी कुठली. एवढ्यात माणसाची सगळी कुंडली निघते असा त्यांचा ठाम समज आहे. हलसूरच्या त्या गल्लीतल्या घरमालकांनी मला यातलं काही म्हणजे काहीच विचारलं नाही. ते मला घराखालच्या शेडमध्ये घेऊन गेले, एका बुटक्या हिरव्या गाडीचं डावं दार उघडलं आणि म्हणाले, "बस."

मी बसले. बसले म्हणजे, त्या गाडीत बसता येतच नाही, पडता येतं. जमीन जिथं असायला हवी तिथं सीट होती आणि पाय लांब करून मी एखाद्या आजाऱ्यासारखी पसरले होते. छत कापडाचं. मागे सीट नाही. मागे काहीच नाही, गाडी तिथं संपतेच.

"काय वाटतं?" त्यांनी विचारलं.

"फार खाली आहे हो. आणि गरम होतंय."

म्हातारा एकदम खूश झाला. माझ्याआधी घर बघायला आलेल्या मुलीनं म्हणे "वॉव, सो क्यूट!" म्हटलं होतं. तिला त्यांनी उभ्या उभ्या नापास केलं. "खोटं बोलत नाहीस. सरी. एक तारखेला सामान आण." झाली माझी मुलाखत. व्हाइटफील्डमधल्या कंपनीनं मला घेताना पाच फेऱ्या घेतल्या होत्या, आणि शेवटच्या फेरीत तर मला कोणता प्राणी व्हायला आवडेल असं विचारलं होतं. त्यामानानं हे सुसंस्कृत वाटलं.

गल्ली त्यांना अण्णा म्हणायची. बंगळूरमध्ये रिक्षावाल्यापासून मंत्र्यापर्यंत सगळेच अण्णा, तेव्हा ते काही नाव नव्हे. मीही अण्णाच म्हणायचे. त्यांचे पूर्वज कुठल्याशा मराठी फौजेबरोबर दक्षिणेत आले आणि परत जायचं विसरले. त्यामुळे अण्णांची मराठी माझ्या नागपुरी कानांना नाटकातली वाटायची, आणि मधूनच तिच्यात कन्नड शब्द फोडणीतल्या मोहरीसारखे तडतडायचे. जेवलीस का, याला ते "ऊटा झाला?" म्हणत. ठीक आहे, याला नुसतं "सरी". थोडं थांब, याला "स्वल्प थांब." हे स्वल्प फार धोकादायक होतं. मोरीचा नळ गळतो म्हणून सांगितलं तेव्हा "स्वल्प थांब" म्हणाले, आणि मी घर सोडलं तोवर तो नळ गळत होता.

आयुष्यभर त्यांनी एका सरकारी कारखान्यात तयार झालेले भाग तपासायचं काम केलं. म्हणजे मापात बसलं तर पास, केसभर चुकलं तर नापास. निवृत्त झाले तरी हात थांबला नव्हता. इडली नापास, नवी मेट्रो नापास, मुलीचं लग्न झालं तर जावई नापास. म्हैसूरला राहणारा तो बिचारा जावई दिवाळीला यायचा आणि गप्प बसून परत जायचा. अशा माणसानं स्वतःसाठी गाडी कुठली घेतली, तर जगानं नापास केलेली.

ती कथा मला पहिल्याच आठवड्यात ऐकवण्यात आली. नंतरही बऱ्याचदा. या जपानी गाडीच्या आजवर चार पिढ्या निघाल्या. पहिलीवर सगळं जग फिदा, कारण तिचे पुढचे दिवे मिटायचे आणि उघडायचे, डोळ्यांसारखे. तिसरी दणकट, चौथी देखणी. आणि दुसरी? दुसरीचे दिवे सताड उघडे, मिटतच नाहीत. गाडीवाल्या लोकांत दुसरीचं नाव निघालं की माणसं खोकतात. अण्णांना अर्थातच पहिली हवी होती. तिचा फोटो त्यांनी कारखान्यातल्या टेबलाच्या काचेखाली ठेवला होता. मग एके दिवशी कळलं की कुणी परदेशी साहेब मायदेशी चाललाय आणि अगदी तीच गाडी विकतोय. अण्णा धावले. पोचले तेव्हा राहुकाळ लागायला जेमतेम काही मिनिटं उरली होती. गाडीवर जाड कापड, दोऱ्यांनी बांधलेलं. दोऱ्या सोडत बसलं तर मुहूर्त जाणार! मग कापडाखालचा आकार बघूनच अण्णांनी विसार दिला, हात मिळवला आणि म्हणाले, झालं. राहुकाळात नव्या वस्तूचं तोंड कसं बघायचं? म्हणून दोघं समोरासमोर बसून कॉफी प्यायले. साहेबाला वाटलं असेल, भारतीय लोक किती संयमी. राहुकाळ संपला, कापड निघालं, आणि आत दुसरी.

"मग परत नाही केली?" मी विचारलं.

"बोलणं झालं होतं," अण्णा म्हणाले. "कापड काढल्यावर शब्द फिरवायचा?"

मी मनात म्हटलं, अरे बाप्पा, या माणसाच्या घरात मी राहणार आहे.

घराचा करार तीन अटींचा होता. कचरा वेगळा करायचा, पाण्याची मोटर बंद करायला विसरायचं नाही, आणि दर रविवारी सकाळी गाडीच्या डाव्या सीटवर बसून शहराबाहेर होसकोटेपर्यंत जाऊन यायचं. तिसरी अट मला थट्टा वाटली होती. पहिल्या रविवारी उजाडायच्या सुमाराला दार वाजलं तेव्हा कळलं की अण्णा थट्टा करत नाहीत. डावीकडे वजन नसलं की गाडी रुसते, हे त्यांचं शास्त्र. आधी त्या सीटवर अक्का बसायच्या. अक्का म्हणजे त्यांची बायको; बंगळूरमध्ये पुरुष सगळे अण्णा, तशा बाया सगळ्या अक्का. आता त्या बसू शकत नव्हत्या, म्हणून भाडेकरू.

रविवारी पहाटे अर्धं बंगळूर होसकोटेला बिर्याणी खायला जातं. रांगा लावतं, पातेल्यांपुढे फोटो काढतं. आम्ही त्या रांगांच्या समोरून जायचो, पुढच्या टपरीवर एकेक फिल्टर कॉफी प्यायचो आणि परत यायचो. बिर्याणीचा वास फुकट. "रस्ता खायला आलोय आपण," अण्णा म्हणायचे. मला तर भूक लागलेली असायची.

सुरुवातीला मला त्या गाडीचा मनापासून राग होता. सिग्नलला उभं राहिलं की शेजारच्या बसचं चाक माझ्या डोळ्यासमोर. धूर थेट तोंडात. छत उघडं, त्यामुळे प्रत्येक स्कूटरवाला आत डोकावून "अण्णा, येष्टु?" विचारणार, म्हणजे किंमत किती. अण्णा सगळ्यांना एकच उत्तर देत, "घरी बायकोला विचार." एसीचं बटण होतं, पण दाबलं की फक्त आवाज यायचा. आणि माझं तर कामच असं होतं की कंपनीच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्या हुडकायच्या आणि बंद करायच्या. नवीन आलं की जुनं मारायचं, याचाच मला पगार मिळत होता. ऑफिसातला माझा एक सहकारी नवी विजेची गाडी घेऊन आला तेव्हा मी तिच्याभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या होत्या. ती आवाज न करता चालायची, स्वतःच पार्क व्हायची, गाणं विचारून लावायची. अण्णांना सांगितलं तर म्हणाले, "मग तुझा मित्र आत बसून काय करतो?"

या प्रश्नाचाही मला राग आला.

मग अण्णांच्या हाताला केळफूल चिरताना विळी लागली आणि पट्टी बांधावी लागली. रविवार चुकवणं त्यांच्या धर्मात बसत नव्हतं. हलसूरचं तळं मागे पडल्यावर त्यांनी गाडी कडेला घेतली आणि म्हणाले, "उतर. इकडे ये." मी गिअरची गाडी कॉलेजनंतर चालवली नव्हती. दोनदा बंद पाडली. मागच्या टेम्पोवाल्यानं माझ्या घराण्याचा उद्धार केला. अण्णा डावीकडे पसरून शांत. "बोलू दे त्याला. गाडीनं भर रस्त्यात आपली लाज काढली की मगच ती आपली होते," म्हणाले. तिसऱ्यांदा निघाली. गिअरचा दांडा एवढासा, मनगट हलवलं की दाराची कडी बसावी तसा टक् करून बसायचा. जुन्या मद्रास रस्त्याला मोकळा पट्टा लागला तेव्हा त्यांनी नुसतं "चार" म्हटलं. मी चौथा टाकला. इंजिनचा आवाज पायातून वर पाठीत आला. वारा, कुठूनतरी शेणाचा वास, कुणाच्या तरी चुलीचा धूर, उजवीकडे सूर्य. मला वाटलं मी शंभरच्या वर गेले. काट्याकडे बघितलं तर साठ.

"साठ?" मी ओरडले.

"साठात शंभराचं समाधान," अण्णा ओरडले. "नव्या गाड्यांत शंभर केले तरी झोप येते."

त्या दिवशी मी त्यांना हसले. पण बुधवारी ऑफिसातल्या मीटिंगमध्ये माझं मनगट टेबलाखाली दुसऱ्यातून तिसऱ्यात जात होतं, हे खरं आहे. पुढे पुढे मी शनिवारी लवकर झोपायला लागले. शेडमधून जाताना तिच्या नाकावरून हात फिरवायला लागले. तिचे ते सताड उघडे दिवे मला बावळट वाटायचे, ते हळूहळू भाबडे वाटू लागले, आणि शेवटी पहिल्या पिढीचे मिटणारे दिवे बघितले की मलाच नाटकी वाटायचं. प्रेमात माणूस आंधळा होतो म्हणतात. माझे तर मेले दिवेही मिटेनात.

आता अक्का. अक्का वरच्या मजल्यावर, बरोबर माझ्या खोल्यांच्या डोक्यावर राहायच्या आणि गेली काही वर्षं खाली उतरल्या नव्हत्या. गुडघे गेले होते, आणि हृदय नाजूक म्हणून डॉक्टर गुडघ्यांना हात लावायला तयार नव्हते. जिना बाहेरच्या बाजूनं, अण्णांच्या वडिलांनी बांधलेला, अरुंद आणि इतका उभा की मीसुद्धा कठडा धरून चढायचे. अक्का गॅलरीत खुर्ची टाकून बसत आणि तिथूनच गल्लीचा कारभार बघत. कुणाचा मुलगा कुणाच्या स्कूटरवर बसला हे गल्लीच्या आधी त्यांना कळायचं. मी एकदा म्हटलं, गाडी म्हणजे तुमची सवतच की. त्या म्हणाल्या, "सवत कसली? सवत असती तर एक वेळचा स्वयंपाक तरी केला असता मेलीनं."

लिफ्ट बसवायची असं घरात कधीपासून ठरलेलं होतं. लिफ्टवाला येऊन मापंही घेऊन गेला होता. जागा एकच होती, शेड. गाडी असेल तर लिफ्ट नाही, लिफ्ट असेल तर गाडी नाही. कापडी छताची गाडी रस्त्यावर ठेवली तर एका पावसात तिचं तळं होणार, आणि गल्लीतली मांजरं तर त्या छताकडे आशेनं बघतच होती. म्हणजे गाडी विकायचीच. अण्णा म्हणत, "स्वल्प थांब." आधी आषाढ लागला. मग पितृपक्ष. मग शेडची दिशा लिफ्टला चालते का हे विचारायला कुणी शास्त्री येणार होते, ते शास्त्रीच आजारी पडले. मी भांडायचे. होय, भाडेकरू असून भांडायचे. "अण्णा, बाई वर कोंडून पडल्यात आणि तुम्ही यंत्राला गोंजारताय, शोभतं का?" असं तोंडावर म्हटलंय मी. ते टायरमधली हवा मोजत राहिले. आणि आत कुठंतरी मला धडकी भरायची, हा माणूस खरंच ऐकेल की काय माझं!

ऐकलं त्यांनी, पण माझं नाही. गल्लीच्या टोकाच्या मंगल कार्यालयात अक्कांच्या बालमैत्रिणीच्या नातीचं लग्न होतं. अण्णा एकटेच गेले. अक्कांनी मोरपंखी म्हैसूर सिल्क नेसलं, केसांत मोगरा माळला आणि गॅलरीत येऊन बसल्या. तिथून फक्त नादस्वरम, म्हणजे तिकडची सनई, ऐकू येत होती. ताल वाढला की त्या मला सांगायच्या, "आता मंगळसूत्र. आता अक्षता." आणि हातात अक्षता नसताना त्यांनी हात थोडासा उडवला. मी भांडी घासायच्या निमित्तानं खाली पळाले, कारण मला रडू आलं. अण्णा नारळ-विड्याची पिशवी घेऊन परत आले तेव्हा त्यांनी मान वर करून बघितलं. नटूनथटून बसलेली बायको त्यांनी बघितली आणि फाटकातूनच कुणाला तरी फोन लावला.

दुसऱ्या दिवशी इंदिरानगरचे एक गृहस्थ गाडी बघायला आले. हे गृहस्थ होसकोटे रस्त्यावर आम्हाला अधूनमधून भेटायचे. त्यांच्याकडे पहिल्या पिढीची गाडी होती, आणि तिच्याबरोबर येणारा सगळा माजही होता. पूर्वी आमच्या शेजारून जाताना ते मुद्दाम दिवे मिटून उघडायचे. तर त्यांनी फेरी मारली, बॉनेट उघडलं, आणि म्हणाले, "इंजिन चांगलं ठेवलंय. आनेकलच्या फार्महाऊसवर ठेवू. तोंड तेवढं बदलून घेतो, पहिलीचं बसवतो. मग कुणाला कळणारही नाही."

मी अण्णांकडे बघितलं. मला वाटलं, आता हा माणूस बॉनेट त्याच्या बोटांवर आपटणार. अण्णांनी हातातलं फडकं घडी करून खिशात ठेवलं. मग म्हणाले, "सरी. दसरा झाला की घेऊन जा."

आयुष्यभर सगळं नापास करणारा माणूस त्या इसमाला पास करत होता. त्या क्षणी मला कळलं की त्यांना बायको किती प्रिय आहे, आणि मला स्वतःचाच इतका राग आला की मी ऑफिसला जाताना मेट्रो चुकवली. जिंकले होते ना मी! लिफ्ट येणार होती. कुणी पेढे का वाटत नव्हतं?

आयुधपूजेचा दिवस आला. आपल्याकडे खंडेनवमीला घरातली हत्यारं पुजतात, बंगळूरला मात्र रस्त्यावरचं प्रत्येक चाक नटतं. रिक्षा, बस, पाण्याचा टँकर, सगळ्यांना केळीचे खुंट आणि झेंडूच्या माळा. कुंकू भरलेले कोहळे भर रस्त्यात फुटतात आणि त्यांवरून दुचाकीवाले घसरतात, हाही पूजेचाच भाग असावा. अण्णांनी गाडी गल्लीत काढली, छत उघडलं, चारही चाकांखाली लिंबं ठेवली. पूजा झाली की गाडीनं लिंबं चिरडत पुढं जायचं आणि देवळाला वळसा घालून यायचं, अशी रीत. दरवर्षी या फेरीला अक्का शेजारी बसत. उतरणं बंद झाल्यापासून ती सीट या एका दिवशी रिकामी राहायची. आम्हा भाडेकरूंनाही त्या दिवशी मनाई होती.

अण्णा पाठमोरे, कापूर पेटवायच्या खटपटीत. वरून "शुक्" असा आवाज आला. बघते तर अक्का जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसलेल्या! मोरपंखी सिल्क नेसून. आणि बसल्या बसल्या एकेक पायरी सरकत खाली येत होत्या, लहान मूल उतरतं तशा. मी धावले. "अक्का, अहो काय हे!"

"ओरडू नको. ते बघतील आणि धावतील, मग दोघंही पडू. तू पुढे हो आणि माझे पाय धर."

किती वेळ लागला देव जाणे. साडीचा मागचा भाग पायऱ्यांनी पुसून निघाला. घामानं कुंकू ओघळलं. शेवटच्या पायरीवर त्या उभ्या राहिल्या, माझ्या खांद्याला गच्च धरून, आणि कठोर आवाजात म्हणाल्या, "तिची शेवटची पूजा, आणि मी वरून बघू होय? बाजूला व्हा. मला बसायचंय."

अण्णा वळले. कापराचं तबक हातात तसंच. कापूर विझून गेला तरी त्यांना कळलं नाही. मग एकदम, "अगं, राहुकाळ—"

"गप्प बसा," अक्का म्हणाल्या, आणि स्वतःला सीटवर सोडून दिलं.

मी आधीच सांगितलं, त्या गाडीत पडायचंच असतं, त्यामुळे आत जायला गुडघे लागले नाहीत. अण्णा उजवीकडे बसले. डोळे पुसले, चष्मा पुसला, परत डोळे पुसले. लिंबं फटाफट फुटली आणि गाडी गेली. देवळाचा वळसा म्हणजे पाच मिनिटांचं काम. बराच वेळ झाला तरी त्यांचा पत्ता नाही. परत आली तेव्हा अक्कांच्या केसांतला मोगरा पार उडालेला, केळीचा एक खुंट गायब, आणि दोघंही शाळा बुडवून आलेल्या पोरांसारखे दिसत होते. त्यांनी थेट होसकोटे गाठलं होतं.

मग अक्कांनी उतरायचं ठरवलं, आणि आम्हा सगळ्यांना एकदम उमगलं की उतरता येणार नाही. जमिनीला टेकलेल्या सीटमधून उठायला गुडघेच लागतात. अण्णांनी हात ओढला, मी मागून ढकललं, नाक्यावरच्या फूलवालीनं मधे पडून कन्नडमध्ये सूचना दिल्या. गाडी हलली, अक्का नाही. शेवटी त्या इतक्या हसायला लागल्या की ओढायची सोयच राहिली नाही. "सोडा, सोडा! मी इथंच बरी. माझा ऊटा इथंच आणा."

आणि खरंच, भर गल्लीत, फुलांनी मढलेल्या उघड्या गाडीत बसून त्यांनी केळीच्या पानावर जेवण केलं. बातमी पसरली. इतकी वर्षं गॅलरीत दिसणारी बाई खाली आलीय, आणि पळूनही जाऊ शकत नाही! गल्लीतल्या बायका हळदीकुंकू घेऊन आल्या. ती बालमैत्रीण आली, नवी नवरी नात घेऊन. अक्कांनी गाडीत बसूनच तिच्या डोक्यावर अक्षता टाकल्या. कुणी डोसा आणला, कुणी तान्हं बाळ मांडीवर ठेवलं. अण्णा दाराशी हात बांधून ड्रायव्हरसारखे उभे. दुपार कलली तेव्हा आम्ही चादर खाली सरकवून, चार बायकांनी चार टोकं धरून, अक्कांना बाहेर काढलं.

आता वर कसं चढवणार? कुणाच्याच अंगात त्राण नव्हतं. म्हणून अक्कांना माझ्या खोलीत, माझ्या पलंगावर झोपवलं, अण्णांसाठी खाली गादी घातली, आणि मी वर त्यांच्या घरात झोपायला गेले. तात्पुरती.

सकाळी मी चहा घेऊन खाली आले तर अक्का स्वतःच्या पायांनी दारात. उंबऱ्यावर खुर्ची टाकून फूलवालीशी भावावरून भांडत होत्या. मी अण्णांना म्हटलं, लिफ्टवाल्याला फोन करायला हवा आजच.

"लिफ्ट कशाला?" अक्का म्हणाल्या. "मी खालीच आहे की."

आणि आम्ही तिघं कोण? एक मापं तपासण्यात आयुष्य घालवलेला, एक सगळ्या गल्लीची अक्कल काढणारी, आणि एक व्हाइटफील्डमध्ये गुंतागुंतीचे प्रश्न सोडवायचा पगार घेणारी. शेड पाडू, गाडी विकू, भिंत फोडू, इथपर्यंत आमची मजल गेली होती. मी तळमजल्यावर आणि त्या वर, यात अदलाबदल होऊ शकते हे एकाच्याही टाळक्यात आलं नव्हतं. कारण अण्णांच्या वडिलांनी सांगून ठेवलेलं, मालक वर, भाडेकरू खाली. वडिलांचं वाक्य हे अण्णांना गुरुत्वाकर्षणासारखं होतं.

"लोक काय म्हणतील? मालक खाली?" ते पुटपुटले.

"लोकांनी काल मला चादरीत घालून उचललंय," अक्का म्हणाल्या. "आता म्हणायचं काही उरलेलं नाही."

दसरा झाल्यावर ते इंदिरानगरवाले गृहस्थ आले. अण्णा बनियनवर, नव्या घराच्या, म्हणजे माझ्या जुन्या घराच्या दारात उभे. म्हणाले, "गाडी आज देता येत नाही. राहुकाळ आहे."

"किती वाजेपर्यंत?"

"कायमचा," अण्णा म्हणाले आणि दार लावलं. आतून अक्का हसल्याचा आवाज मला वरपर्यंत ऐकू आला.

मी वरच्या मजल्यावर ऐसपैस राहू लागले. गॅलरी मिळाली, उजेड मिळाला, वारा मिळाला. पुढच्या रविवारी सवयीनं लवकर उठले, केस बांधले, जिना उतरले. शेडचं दार उघडं होतं, अण्णा इंजिन सुरू करून बसले होते, आणि डाव्या सीटवर, डोक्याला स्कार्फ बांधून, अक्का. मला बघून दोघंही जरा ओशाळले. गाडीला सीट दोनच. ते आधीपासून माहीत होतं मला, तरी मी मागे तिसरी आहे का बघितलं. अडीच वर्षं मी त्या बाईच्या बाजूनं भांडले होते आणि आता मला तिचा हेवा वाटत होता.

"अगं, तू हवीसच," अण्णा घाईनं म्हणाले. "आल्यावर हिला उतरवून घ्यायला."

तर रविवारचं ते काम माझ्याकडे आलं. होसकोटेला ते खाली उतरत नसत, टपरीवाला कॉफी गाडीत आणून द्यायचा. मी इथं गल्लीत वाट बघायची. कोपऱ्यावर आवाज आला की मी चादर घेऊन फाटकाशी उभी राहायची. तिसऱ्या गिअरवरून दुसऱ्यात येताना ती जी गुरगुरते, ते मला कुठल्याही गर्दीत ओळखू यायचं. मनगट आपोआप वळायचं.

मी बंगळूर सोडायच्या आधीच्या रविवारी गाडी आली, थांबली. मी पुढे झाले, वाकले आणि दोन्ही हात अक्कांपुढे धरले. वाऱ्यानं त्यांचे गाल लाल झालेले, स्कार्फ मानेत आलेला. त्यांनी माझे हात धरले. मी ओढणार एवढ्यात त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग अण्णांकडे, आणि माझे हात सोडून दिले.

"अजून एक फेरी मारू या हो," त्या म्हणाल्या.

अण्णांनी पहिला गिअर टाकला. मी भर गल्लीत, कुणालाही नको असलेले दोन हात पुढे करून, चादर काखेत धरून उभी होते. फूलवाली बघत होती. मला म्हणाली, "अक्का, ऑटो बोलवू?"